शेंदराखालचे पणजोबा

शरच्चंद्ररावांचा पहिला राग साळव्यांवर होता, आणि साळव्यांचा गुन्हा एवढाच की त्यांचे पूर्वज जागेवर होते.

साळवे हे कचेरीतले जुने सोबती. दोघांनी समोरासमोरच्या टेबलांवर बसून अख्खी नोकरी काढली. निवृत्तीनंतर इतर लोक मधुमेहाकडे वळतात, साळवे घराण्याच्या इतिहासाकडे वळले. एका रविवारी चर्चमधली प्रार्थना आटोपून ते शरच्चंद्ररावांना आपल्याबरोबर कबरस्तानात घेऊन गेले. फाटकातून आत शिरल्यावर साळवे अशा चालीने चालू लागले, की जणू आपल्याच आळीत शिरलेत आणि दोन्ही बाजूंना ओळखीची घरं आहेत. हे आजोबा. ही त्यांच्या शेजारी आजी. ही आत्या, लग्न केलं नाही, नर्स होती. तेही दगडावर लिहिलेलं. पलीकडे झाडाखाली पणजोबा, जन्म कधी, मृत्यू कधी, आणि खाली बायबलातली एक ओळ. साळवे दगडावर पाण्याचा फवारा मारत, मऊ ब्रशाने शेवाळ झाडत, टॉर्च आडवी धरून उजेड तिरपा पाडत, आणि पुसट झालेलं अक्षर आपोआप वर येई. दुपारच्या जेवणाआधी त्यांनी चार पिढ्या गोळा केल्या. कपड्यांची इस्त्रीही मोडली नाही.

घरी परतताना शरच्चंद्रराव मनात हिशेब मांडत होते. आपल्या लोकांनी काय केलं? माणूस जाळला, राख नदीत सोडली, तेराव्या दिवशी गोड जेवले आणि चौदाव्या दिवशी वाटणीला बसले. माणसासकट पुरावाही गेला. राहिली ती फक्त भांडणं.

तरीही एक दिवस ते स्मशानघाटावर गेलेच. एखादी जुनी समाधी, एखादा कोरलेला दगड असेल, अशी आशा. चौकीदाराने विचारलं, कोणाला आणलंय. शरच्चंद्रराव म्हणाले, कोणालाच नाही. चौकीदाराने त्यांच्या मागे पाहिलं, मग त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "मग एकटेच काहून आले, काकाजी? असं चालत नाही." त्याची समजूत घालण्यात अर्धी सकाळ गेली. घाटावर नावं होती, नाही असं नाही. सगळी सिमेंटच्या बाकांवर होती: अमक्याच्या स्मरणार्थ तमक्याकडून. त्यात तमक्याचं नाव अमक्याच्या दुप्पट मोठं. शरच्चंद्रराव असल्या एका बाकावर बसले, आणि जो गेला त्याच्यापेक्षा ज्याने बाक दिला त्याच्याविषयीच आपल्याला जास्त माहिती मिळाली, हे मनात नोंदवून उठले.

हा सगळा उपद्व्याप ते स्वतःच्या हौसेखातर करत होते असं कोणाला वाटेल. तसं नव्हतं. घरात माणसं दोनच होती, ते आणि त्यांची थोरली बहीण यमुताई. नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या घराच्या जागी आता इमारत झाली होती आणि तिच्या दुसऱ्या मजल्यावर ही दोन म्हातारी, दोन खोल्यांत दोन टीव्ही लावून राहत. यमुताईंनी पंच्याऐंशी ओलांडली होती. कबरस्तानाची हकीकत ऐकून त्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला. त्या असं फार क्वचित करत.

"शरद," त्या म्हणाल्या, "मग आपल्या पणजोबांचंही बघ की. मला एवढंच कळू दे, की ते पणजीच्या आधी गेले की नंतर."

यमुताईंनी पणजीला पाहिलं होतं. शरच्चंद्ररावांचा तेव्हा पत्ता नव्हता. पणजीचं नाव सगुणा. तिचा नवरा भिकाजी, तीन मुलं पदरात असताना एका सकाळी घरातून निघून गेला. बारा वर्षं माणसाचा ठावठिकाणा नसला, तर पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळायचा, सुतक पाळायचं आणि बायकोचं कुंकू पुसायचं, असा रिवाज. बारा वर्षं भरली. दिरांनी पळसाची पानं आणून ठेवली. सगुणाबाई दारात बसली आणि म्हणाली, तो आहे, मला कळतं. त्याला जाळायचं असेल तर आधी मला ओलांडा. कोणी ओलांडलं नाही. पानं गुरांनी खाल्ली. पुढे कोणी नातलगाने भिकाजीला नरखेडकडे भगव्या वस्त्रांत पाहिल्याची बातमी आणली, आणि मग काहीच आलं नाही. ती शेवटपर्यंत रुपयाएवढं कुंकू लावत राहिली आणि लोक शेवटपर्यंत त्या कुंकवाकडे बघत राहिले.

"एका संक्रांतीला मी तिच्या मांडीला चिकटून बसले होते," यमुताई सांगत. "करंडा घेऊन बाई आली. सगळ्यांना लावलं. पणजीसमोर आली आणि पुढे गेली. पणजीने हात लांब केला, तिच्या करंड्यात स्वतःच बोट घातलं आणि स्वतःच लावलं. मला तिची बोटं आठवतात. लाल झालेली."

स्वातंत्र्य मिळालं त्या वर्षी, दिवाळीच्या तोंडावर पणजी गेली. तेव्हापासून यमुताईंच्या मनात हा एकच प्रश्न बसला होता. त्या वेळी तो होता का? तिचं कुंकू खरं होतं का?

शरच्चंद्ररावांनी विचार केला. आपल्यात न जाळण्याची सवलत दोघांनाच, तान्ह्या मुलांना आणि संन्याशांना. संन्याशाला बसवून पुरतात आणि वर दगड ठेवतात. म्हणजे साऱ्या खानदानात दगड मिळण्याची शक्यता असलेला पूर्वज एकच, आणि तोही असा, की संन्यास घेताना ज्याने स्वतःचं श्राद्ध स्वतः उरकून नाव, गोत्र, बायको, मुलं या सगळ्यांचा राजीनामा दिलेला. जे इमानाने घरात राहिले, संसार केला, आजारी पडून खाटेवर गेले, त्यांचा मागमूस नाही. जो पळाला त्याचाच तेवढा पत्ता लागेल. शरच्चंद्ररावांना यात नोकरीतल्या बढत्यांचं धोरण ओळखू आलं.

साळव्यांनी आपला मऊ ब्रश, फवाऱ्याची बाटली आणि टॉर्च उसनी दिली. ब्रश परत कर, एवढंच बजावलं. तो त्यांना जावयाने बाहेरगावाहून आणून दिला होता.

मग एसटीच्या फेऱ्या सुरू झाल्या. नरखेड तालुक्यात उतरून बाबांची समाधी कुठे असं विचारलं, की कोणता बाबा, असा उलट प्रश्न येई. तालुक्यात बाबांची टंचाई नव्हती. एका गावात त्यांना दर्ग्यावर नेलं. दुसऱ्या गावात एका नाथपंथी बाबाच्या मठीत नेलं, तिथे कुत्रं अंगावर आलं. तिसऱ्या गावात तर चक्क जिवंत बाबासमोर उभं केलं. त्या बाबाकडे बोलेरो गाडी होती आणि व्हिजिटिंग कार्ड होतं. आपण समाधी शोधतो आहोत असं शरच्चंद्ररावांनी सांगताच बाबाला फार वाईट वाटलं.

दरवेळी संध्याकाळी ते धुळीने माखून परत येत, यमुताई दार उघडून नुसतं बघत, आणि ते मान हलवून बाथरूममध्ये जात. दिवाळीच्या सुमारास त्यांनी जाहीर केलं की हा शेवटचा प्रयत्न. त्याच प्रयत्नात त्यांना मधुकररावांची बाग सापडली.

मधुकरराव साठीचे. डोक्याला दुपट्टा, बोलण्यात गोडवा, आणि मुद्द्यावर आले की दगड. बागेत संत्र्याची तोड चालू होती. विहिरीजवळ एक ओटा होता आणि ओट्यावर गुडघ्याएवढा उभा दगड, त्यावर शेंदराचं असं पुट, की दगड कुठे संपतो आणि शेंदूर कुठे सुरू होतो ते सांगता येऊ नये. गाव त्याला सामीबाबा म्हणे. बाबा कुठले? नागपूरचे, महालातले. फार शिकलेले. फार तापट. चपला घालून ओट्याजवळ गेलेलं खपत नसे. भागीरथाबाईंनी, म्हणजे मधुकररावांच्या घरधनिणीने, बाबांचा नैवेद्य प्रसाद म्हणून शरच्चंद्ररावांपुढे ठेवला. द्रोणात मऊ भात, वर पिवळं साधं वरण, तूप, लिंबाची फोड. तिखटाचा कण नाही.

"बाबाले तिखट चालत नाही," भागीरथाबाई म्हणाल्या. "एकडाव कोणी रस्सा ठेवला होता. त्या साली संत्र्याचा बार गळला."

शरच्चंद्ररावांनी घास तोंडात घातला आणि ते चावायचे थांबले. ज्या मुलखात लोक तर्रीशिवाय न्याहारी करत नाहीत, तिथे गोडं वरण मागणारा देव. त्यांचे वडील असेच होते, काका असेच होते, ते स्वतः असेच होते. लग्नाच्या पंगतीत पहिल्या घासाला डोळे पुसणारी पिढ्यान् पिढ्यांची कमकुवत आतडी. याहून पक्का पुरावा साळव्यांकडेही नव्हता.

"हे माझे पणजोबा आहेत," ते म्हणाले.

हे बोलायला नको होतं, हे त्यांना नंतर समजलं.

त्या वेळी मात्र ते घाईने ओट्याशी वाकले. दगडाच्या अगदी तळाशी, मातीला लागून, शेंदराची कड बोटभर उडाली होती आणि त्या जागेत कोरीव अक्षरं दिसत होती. त्यांनी फवारा मारला, ब्रश फिरवला, टॉर्च आडवी धरली. दोन अक्षरं वर आली. शके. त्यापुढे आकडे असणार, आणि त्या आकड्यांवर शेंदूर. शरच्चंद्ररावांनी आयुष्यात अनेक फायली अगदी सहीपर्यंत येऊन अडलेल्या पाहिल्या होत्या. पण इतकी जवळ अडलेली ही पहिलीच. त्यांनी खिशातून चाकू काढला, संत्री सोलायला आणलेला, आणि मधुकररावांनी अलगद त्यांचं मनगट धरलं.

"तुमच्या पणज्याची चामडी सोलता का, काकाजी?"

"फक्त एवढासा भाग. खाली साल लिहिलं आहे."

"असंन. कशाचं साल?"

"ते गेले त्याचं."

"कोण गेलं?"

"हे बाबा."

मधुकररावांनी दगडाकडे पाहिलं, मग शरच्चंद्ररावांकडे पाहिलं. "बाबा त हे बसून राहिले न तुमच्यापुढं," ते म्हणाले. "गेले कुठी?"

शरच्चंद्ररावांनी शांतपणे समजावलं. मधुकरराव शांतपणे ऐकत राहिले. शेवटी ते म्हणाले की बाबाची खोळ कधीतरी आपोआप गळते, सापाच्या कातीसारखी सगळी एकदम. तेव्हा काय वाचायचं ते खुशाल वाचा. मागे कधी गळली होती? मधुकररावांच्या लहानपणी. तेव्हा कोणी वाचलं का? कोणाला सुचलंच नाही. लोक पाया पडण्यात होते.

मग त्यांना गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाकडे, रुपरावांकडे नेलं. रुपराव उन्हात बाजेवर बसले होते. त्यांचे वडील बाबांच्या सेवेला होते म्हणे. शरच्चंद्रराव आता शहाणे झाले होते. वारले, गेले, देवाघरी, असे शब्द त्यांनी टाळले आणि विचारलं, बाबांना समाधीत कधी बसवलं.

"बसवलं कोणी?" रुपराव म्हणाले. "ते खुदच बसले."

"बरं, कधी बसले?"

"गारपीट झाली होती तवा."

"कोणती गारपीट?"

"मोठी."

"स्वातंत्र्याच्या आधी की नंतर?"

रुपरावांनी बराच वेळ विचार केला. "गारा लिंबाएवढ्या होत्या," रुपराव म्हणाले. मग, हा पाहुणा लांबून आला आहे तर त्याला रिकाम्या हाती कसं पाठवायचं अशा मायेने त्यांनी पुस्ती जोडली: "माझ्या बापानं बाबाले पाहिलं, गा. मी बी रोज पाहातो. फरक एवढाच, का बापासंग ते बोलत. माझ्यासंग बोलत नाहीत. माझं बी चुकत असंन काही."

गावात ज्याला त्याला विचारून झालं. बाबा आहेत. बाबांनी परवाच कोणाची तरी गाभण म्हैस वाचवली. बाबा सध्या अमक्यावर रागावून आहेत. ज्या माणसाला संबंध गाव रोज पाहतं, ज्याचं ऐकतं आणि ज्याला दोन वेळ वरणभात खाऊ घालतं, त्याच्या मृत्यूचं साल मागणं हे शरच्चंद्ररावांना स्वतःलाच हळूहळू असभ्य वाटू लागलं, आणि मग तसं वाटल्याबद्दल संताप आला. शिवाय पणतू आला आहे ही बातमी पसरली होती. दोघेजण वशिला लावायला आले. एकाला बोअरला पाणी हवं होतं, दुसऱ्याला जावई परत हवा होता. तुमचं ऐकतील ते, असं दोघांचं म्हणणं. शरच्चंद्रराव म्हणाले, आमच्या घरात त्यांनी कोणाचंच कधी ऐकलं नाही.

निघताना मधुकररावांनी हात जोडून आमंत्रण दिलं. कार्तिकी पुनवेला बाबांचा उत्सव; तुम्ही आलंच पाहिजे. शरच्चंद्ररावांच्या डोळ्यांसमोर एक दृश्य आलं: गर्दी, धक्काबुक्की, कोणाचं लक्ष नाही, आणि चाकूचं एक टोक. ते येतो म्हणाले.

पुनवेला ते गेले. ओट्याभोवती झेंडूच्या माळा होत्या, बाजूला मोठ्या कढईत गोडं वरण उकळत होतं, आणि सारं गाव ओट्याकडे न बघता त्यांच्याकडे बघत होतं. मधुकररावांनी त्यांच्या खांद्यावर नवा दुपट्टा टाकला. भागीरथाबाईंनी तेलात कालवलेल्या शेंदराची पितळी पुढे केली. दरसाल पहिलं लेपण मधुकररावांच्या हातचं असे, त्याआधी त्यांच्या वडिलांच्या हातचं. पण आता बाबांचं रक्ताचं माणूस आलं, तर तो मान दुसऱ्या कोणाचा?

शरच्चंद्ररावांनी नाही म्हणून पाहिलं. मला जमणार नाही. माझा हात थरथरतो. त्यावर भागीरथाबाईंनी त्यांच्या पिशवीतून डोकावणारा साळव्यांचा ब्रश काढून त्यांच्या हातात दिला. "हा त तुम्ही घेऊनच आले, भाऊजी," त्या कौतुकाने म्हणाल्या. "तयारीनंच आले."

तेव्हा सारं गाव बघत असताना शरच्चंद्रराव गुडघे टेकून बसले. त्यांनी वरून सुरुवात केली, अगदी सावकाश, की खाली पोचेपर्यंत शेंदूर संपावा. संपत आला तेव्हा भागीरथाबाईंनी दुसरी पितळी आणली. त्यांनी एक कोपरा सोडून दिला. मधुकररावांनी तो बोटाने दाखवला. "तिकडं राहिलं, काकाजी. थंडी वाजंन त्यायले." आणि शरच्चंद्ररावांनी स्वतःच्या हाताने, ख्रिस्ती कबरी वाचायच्या ब्रशाने, 'शके' ही दोन अक्षरं शेंदराखाली घातली. लोकांनी जयजयकार केला. पंगतीत त्यांना पहिलं पान मिळालं. वरण मात्र उत्तम होतं, हे त्यांनी अतिशय नाराजीने कबूल केलं.

परतीच्या एसटीत कंडक्टरने त्यांच्या नारिंगी हातांकडे बघून नमस्कार केला.

घरी पोचल्यावर त्यांनी दुपट्टा खुर्चीवर फेकला आणि यमुताईंसमोर जे बोलायला सुरुवात केली ते थांबेनात. एवढ्या फेऱ्या, एवढी धूळ, कंबरेची वाट लागली, साळव्यांच्या ब्रशाचा सत्यानाश झाला, साल हातभरावर होतं आणि ते आपणच झाकून आलो. आता तुझं नि माझं आयुष्य संपलं तरी ती खोळ गळायची नाही. आणि ती माणसं. त्या माणसांशी बोलणं म्हणजे भिंतीशी.

"काय म्हणतात ती?" यमुताईंनी विचारलं. टीव्ही बंद होता.

"काय म्हणणार? गेलं कोण, म्हणतात. ताई, अगं, अख्ख्या गावात एक माणूस नाही जो मान्य करेल की हा गृहस्थ मेला आहे. सकाळी त्याला आंघोळ घालतात. तिखट चालत नाही म्हणून वेगळं वरण शिजवतात. मी स्पष्ट विचारलं, फिरवून विचारलं, वकिलासारखं विचारलं. एकच उत्तर. आहेत, बसलेत."

यमुताई पुढे सरकून बसल्या. मग त्यांनी विचारलं, "सगळे असंच म्हणतात?"

"सगळेच्या सगळे."

"आजसुद्धा?"

"आजसुद्धा. आज तर मला म्हणाले, नीट लावा, नाहीतर त्यांना थंडी वाजेल."

"फोन लाव त्यांना," यमुताई म्हणाल्या.

शरच्चंद्ररावांनी वैतागून फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. बहिणीची मर्जी. मधुकररावांचा आवाज आला, पोचले का सुखरूप. यमुताई फोनकडे वाकल्या आणि पाहुण्यांच्या घरी बोलावं तशा सुरात म्हणाल्या, "मी महालातून बोलते, शरदची बहीण. सामीबाबा कसे आहेत?"

"मजेत हायेत, ताई," मधुकरराव म्हणाले. "आज पणतू येऊन गेला न, खुश आहेत. या साली बार बी चांगला हाये. तुम्ही बी या एकडाव. वाट पाहून राहिले असतीन."

"कळवा त्यांना," यमुताई म्हणाल्या, "सगुणाबाईच्या घरून विचारलं म्हणून."

"आत्ताच जाऊन सांगतो."

फोन ठेवून त्या भिंतीला धरून उठल्या आणि देवघरापाशी गेल्या. तिथे वरच्या फळीवर एक जुना घरगुती फोटो होता, सगळी माणसं काळवंडलेली, मध्ये एक म्हातारी. यमुताईंनी करंड्यात बोट घातलं आणि काचेवर, त्या म्हातारीच्या कपाळावर, नीट मोजून मापून, रुपयाएवढं कुंकू लावलं. आजूबाजूच्या दोन जावांचे चेहरे त्याखाली गेले. त्याची त्यांना फिकीर दिसली नाही.

"पण साल?" शरच्चंद्रराव म्हणाले. "ताई, साल कुठे मिळालं?"

"सालाचं काय करायचंय आता," यमुताई म्हणाल्या. "हात धू, तो दुपट्टा घडी करून ठेव. आहेराचा आहे."

हात काही धुऊन निघाले नाहीत. दुसऱ्या दिवशी साळव्यांचा फोन आला तेव्हाही बोटं नारिंगीच होती. साळव्यांनी उत्सुकतेने विचारलं, दगड सापडला का. सापडला. अक्षरं होती का. होती. मग मृत्यूची तारीख काय?

शरच्चंद्ररावांनी देवघराकडे पाहिलं. यमुताई माळ ओढत बसल्या होत्या आणि कान इकडे होता.

"तारीख नाही मिळाली," ते म्हणाले. "प्रकृती ठीक आहे म्हणतात."